दंड भरला, तरी साक्षांकन नमुन्यात लिहावे लागते का?

प्रश्न : माझ्या मुलाची संरक्षण उत्पादनाच्या एका कारखान्यात तांत्रिक पदासाठी निवड झाली असून आता साक्षांकन नमुना (नेमणुकीपूर्वी पूर्वचारित्र्याच्या पडताळणीसाठी उमेदवाराने भरायचा अर्ज) भरून द्यायचा आहे. पुण्यात अभियांत्रिकीला असताना, विसाव्या वर्षी, मित्रांसोबत खोलीवर गांजा ओढताना पोलिसांनी त्याला पकडले होते. न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि प्रकरण मिटले. त्याला आता ४ वर्षे झाली. त्यानंतर त्याने गांजाला हात लावलेला नाही. नातेवाईक म्हणतात, "नाशिकमध्ये त्याच्या नावावर काहीच नाही, 'नाही' लिहून मोकळे व्हा." आम्ही काय करावे?
— एक वडील, नाशिकरोड

उत्तर : 'नाही' असे मुळीच लिहू देऊ नका. तुमच्या मुलाच्या नोकरीला त्या जुन्या गांजापेक्षा या एका शब्दाचा धोका अधिक आहे.

प्रकरण मिटले, ही समजूत आधी दूर करायला हवी. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कलम २७ नुसार गांजाच्या सेवनासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड हीसुद्धा शिक्षाच असल्यामुळे, गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुमचा मुलगा दोषी ठरलेला आहे. साक्षांकन नमुन्यात नेमके हेच विचारतात : कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, न्यायालयाने दंड केला किंवा दोषी ठरवले होते का? खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरेल, असा इशाराही नमुन्याच्या आरंभीच छापलेला असतो.

नाशिकमध्ये काही नाही, हा नातेवाइकांचा आधारही टिकणारा नाही. गेल्या ५ वर्षांत जेथे वर्षभराहून अधिक वास्तव्य झाले ते पत्ते याच नमुन्यात मागतात, त्यामुळे चौकशी पुण्यापर्यंत पोहोचते. आणि पुण्याचा पत्ताच गाळला, तर ती दुसरी लपवाछपवी होते.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या विषयाची सविस्तर तत्त्वे घालून दिली. तरुण वयात घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण दडवले गेले असेल, तर नियोक्ता आपल्या विवेकाने ते सोडून देऊ शकतो. पण गांजाचे प्रकरण त्या वर्गात बसेलच, अशा भरवशावर कोणी राहू नये. उलट, सगळे खरे सांगितले तरी उमेदवाराच्या पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो आणि नेमणूक देणे त्याला बंधनकारक नसते. हे तुम्हाला ऐकायला जड जाईल, पण खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. तरीही खरे लिहिले असेल तर त्या वेळचे वय, एकच घटना आणि नंतरची स्वच्छ वर्षे यांचा विचार होण्यास वाव राहतो. दडवले तर नियोक्त्याला त्या मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारणच उरत नाही, आणि ते काही वर्षांनी, लग्न आणि घराचे कर्ज झाल्यावर उघडकीस आले, तर लागलेली नोकरीही जाऊ शकते.

पुण्याच्या न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत आधी मिळवा. गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाणे, कलम, निकालाची तारीख आणि दंडाची रक्कम त्या प्रतीवरून जशीच्या तशी उतरवून प्रत नमुन्याला जोडावी. नमुना मुलाने स्वतःच भरावा, तुम्ही भरू नये. 'मित्रांमुळे अडकलो' असे स्पष्टीकरण लिहू नये, कारण त्याने स्वतः गुन्हा कबूल केलेला आहे. जे विचारलेले नाही ते आपणहून लिहिण्याची सक्ती मात्र नाही. अवतार सिंग प्रकरणाच्या निकालानुसार, जी माहिती नमुन्यात मागितलेलीच नव्हती ती दिली नाही म्हणून उमेदवाराला दोष देता येत नाही. मुलाखतीत किंवा चौकशीत तोंडी विचारले, तर कागदावर लिहिले तेच सांगावे.