एकच व्ह्यू, तीन मॉडेल

प्रश्न : जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लेख, बातम्या आणि कार्यक्रम अशा तीन मॉडेलच्या (डेटाबेसमधल्या तक्त्यांच्या) याद्या दाखवायच्या आहेत. लिस्टव्ह्यूवरून (यादी दाखवणाऱ्या जँगोच्या तयार क्लासवरून) एक सामाईक क्लास केला आणि त्यात ‘प्रकाशनाची वेळ होऊन गेलेल्याच नोंदी’ अशी अट घातलेला क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसमधून नोंदी मागवणारी क्वेरी, लिहिला. पण वेळ उलटून गेली तरी लेख दिसत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला की दिसतो. शिवाय हा क्लास बाकीच्या दोन मॉडेलना कसा लावायचा?

उत्तर : दोन्हीचं मूळ एकच आहे. क्वेरीसेट थेट क्लासमध्ये लिहिला आहे, आणि क्लासमधला मजकूर पायथन फाइल लोड होताना एकदाच चालवतो. ‘टाइमझोन.नाऊ()’, म्हणजे आत्ताची वेळ, तेव्हाच मोजलं जातं आणि तीच वेळ अटीत अडकून राहते. जँगो दर रिक्वेस्टला क्वेरीसेटची नवी प्रत काढतो, म्हणून नोंदी ताज्या येतात. वेळ मात्र शिळी. डेव्हलपमेंट सर्व्हर फाइल सेव्ह केली की आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे ही चूक तिथे सहज निसटते.

क्लासमधला क्वेरीसेट काढून टाका आणि अट ‘गेट_क्वेरीसेट’ मेथडमध्ये न्या. तिथे मॉडेलचं नाव लिहू नका. ‘सुपर().गेट_क्वेरीसेट()’ला, म्हणजे मूळ क्लासच्या त्याच मेथडला, हाक मारा आणि जे परत येईल त्यावर फिल्टर लावा. क्लासवर क्वेरीसेट नसला की सुपर मॉडेलच्या डीफॉल्ट मॅनेजरकडून नोंदी आणतो. मग यूआरएलच्या फाइलमध्ये क्लासचा व्ह्यू बनवणाऱ्या ‘अ‍ॅज_व्ह्यू’ला दर वेळी वेगळं मॉडेल द्या, काम झालं. वेळेच्या फील्डचं नाव मॉडेलगणिक वेगळं असेल तर तेही असंच देता येतं, फक्त त्यासाठीचं अ‍ॅट्रिब्यूट क्लासवर आधी जाहीर केलेलं हवं; नाहीतर टाइपएरर येतो.

आमचा आग्रह असा, की ही मेथड वेगळ्या मिक्सिनमध्येच (इतर क्लासना जोडता येणाऱ्या छोट्या क्लासमध्ये) ठेवा. कारण यादीतून लपवलेला लेख डिटेलव्ह्यूमध्ये (एकच नोंद दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये) यूआरएलमधला नुसता आयडी बदलून उघडता येतो, आणि हे फार जणांकडून राहून जातं. तोच मिक्सिन डिटेलव्ह्यूलाही लावला की तिथे ४०४ (‘सापडलं नाही’) मिळतो. क्लासच्या नावापुढच्या कंसात मिक्सिन डावीकडे, जँगोचा व्ह्यू उजवीकडे. उलट लिहिलंत तर जँगोची मेथड आधी सापडते आणि फिल्टर मुकाट्याने गळतो. एररसुद्धा येत नाही.

टेम्प्लेट (पानाचा साचा) एकच हवं असेल तर ‘टेम्प्लेट_नेम’ ठरवून द्या आणि आत ‘ऑब्जेक्ट_लिस्ट’ वापरा. ते नाव तिन्ही मॉडेलना सारखंच मिळतं.