बायपास झाला की रस्ता मोकळा होईल का?

प्रश्न : आमचं गाव यावल तालुक्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर. केळीचे ट्रक भर बाजारातून जातात. शाळा सुटायच्या वेळी मी रोज शाळेच्या दारात जाऊन उभी राहते. गावाबाहेरून बायपासची आखणी झाल्याचं कळतंय. तो झाला की हा त्रास संपेल का?
– एक आई

उत्तर : ताई, ट्रक कमी होतील, पण सगळे जाणार नाहीत. रावेरकडून चोपड्याकडे निघालेला ट्रक बाहेरून जाईल. तुमच्याच शिवारात केळी भरायला आलेला ट्रक, बाजाराची ॲपे रिक्षा, ट्रॅक्टर हे गावातच येणार. बाहेरून किती जातील ते तुम्ही स्वतः मोजू शकता. गावाच्या दोन्ही टोकांना मोठी पोरं वह्या घेऊन बसवा, प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहून घ्या. जो नंबर दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला दिसला, त्या गाडीचं गावात काम नव्हतं. एकदा बाजाराच्या दिवशी मोजा, एकदा एरवी. बांधकाम खात्यात आम्हीही असंच मोजायचो.

आता एक आजच बघा : वावरात जाणारा गाडरस्ता बायपासला कुठे आडवा येतो? नोकरीत असताना एका नव्या बायपासवर पहिल्याच हंगामात मी हे डोळ्यांनी पाहिलं. दिवेलागणीला कापसाची ट्रॉली रस्ता ओलांडत होती, मागे ना लाल दिवा, ना रेडियम. ट्रक धडकला. पोरगा वाचला, पण कापूस डांबरावर लांबवर पसरला होता आणि गाड्या त्याच्यावरूनच जात होत्या. जुन्या रस्त्याने, गावातल्या गर्दीतून, तोच ट्रक रांगत गेला असता. रस्त्याच्या हिशेबात मोठी बैलगाडी ८ मोटारींएवढी धरतात, इतकी ती जागा अडवते. तिला भरधाव रस्ता ओलांडायला लावू नका, खालून बोगदा मागा. रचलेली ट्रॉली आत जाईल एवढा उंच, आणि पावसाचं पाणी निघून जाईल असा. ग्रामसभेचा ठराव आत्ताच करून द्या, भराव पडल्यावर बोगदा होणं फार कठीण. काम राष्ट्रीय महामार्गाचं असेल, तर १९५६ च्या कायद्याने भूसंपादनाच्या अधिसूचनेपासून २१ दिवसांत जमीनमालकांना हरकत घेता येते.

एसटीच्या जलद गाड्या बाहेरून निघून जातात, म्हणून थांब्यासाठी आगारात अर्ज द्या.

शाळेचं म्हणाल, तर ट्रक गेले की मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकली सुसाट सुटतात. दोन्ही बाजूंना रंगवलेले गतिरोधक होईपर्यंत तुम्ही दारात उभं राहणं सोडू नका.