जर्नल क्लबच्या आधी, पीएसएबद्दल

प्रिय डॉक्टर,

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाचा संशय दाखवणारी रक्तचाचणी, यावरच्या तुझ्या स्लाइड्स पाहिल्या. मेहनत दिसते आहे, पण चौथी स्लाइड काढून टाक. ‘पीएसए तपासणीत सापडलेल्या रुग्णांचं पाच वर्षांचं सर्व्हायव्हल जास्त, म्हणून स्क्रीनिंगने जीव वाचतात’ (सर्व्हायव्हल म्हणजे निदानानंतर तेवढी वर्षं जगलेल्यांचं प्रमाण, स्क्रीनिंग म्हणजे त्रास नसतानाच केलेली तपासणी) हे वाक्य समोर बसलेल्या कुणी पकडलं, तर पुढचा अर्धा तास सारवासारव करण्यात जाईल.

२००७ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी मागताना न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यातच फसले. त्यांना स्वतःला प्रोस्टेटचा कर्करोग होऊन गेला होता. यातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आणि इंग्लंडच्या सरकारी व्यवस्थेत फक्त ४४, असं ते प्रचारात सांगत. आकडे पाच वर्षांच्या सर्व्हायव्हलचे होते. या कर्करोगाचा मृत्यूदर पाहिला, तर लाख पुरुषांमागे अमेरिकेत २६ आणि ब्रिटनमध्ये २७!

एक माणूस डोळ्यांसमोर आण. छासष्टाव्या वर्षी कंबर दुखायला लागली, निदान झालं, सत्तराव्या वर्षी गेला. तोच एकसष्टाव्या वर्षी पीएसएमध्ये सापडला आणि सत्तरीतच गेला, तर तो ‘पाच वर्षं जगलेल्यां’त मोजला जातो. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, धावण्याची सुरुवातीची रेघ तेवढी मागे ओढली. शिवाय ज्यांची गाठ जन्मभर त्रास देणार नव्हती तेही तपासणीत सापडतात आणि सगळे ‘बरे झाले’च्या खात्यात जमा होतात. त्यामुळे स्क्रीनिंगच्या चर्चेत सर्व्हायव्हलचा आकडा आला की आधी विचार, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून दोन्हीकडचे मृत्यू मोजलेत का?

तसे मोजलेली मोठी चाचणी (ट्रायल) म्हणजे युरोपातली ईआरएसपीसी. मुख्य वयोगट ५५ ते ६९, पुरुष एक लाख साठ हजारांच्या वर. तू २००९ चा पेपर घेऊन ‘मृत्यूंत २० टक्के घट’ लाल अक्षरांत टाकलं आहेस. त्याच पेपरात आहे की या कर्करोगाचा एक मृत्यू टाळायला १,४१० जणांना तपासावं लागतं आणि ४८ जादा जणांवर उपचार होतात. ही ओळही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवी.

आणि तिथे थांबू नकोस. २०२५ मध्ये ईआरएसपीसीचाच २३ वर्षांचा पाठपुरावा आला. त्यात घट १३ टक्क्यांवर आली, म्हणून ‘फायदा आटला’ असं कुणीतरी म्हणेलच. पण त्यातच दिलंय की ४५६ जणांना बोलावलं की एक मृत्यू टळतो आणि जादा निदानं होतात बारा. टक्केवारी उतरली, तरी माणसांत मोजलेला फायदा वाढला, कारण वय वाढलं तसे दोन्ही गटांत या रोगाचे मृत्यूही वाढले. स्क्रीनिंग न झालेल्या गटात १.६ टक्के पुरुष प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले, दुसऱ्यात १.४. माझ्या मते हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की निम्मं काम झालं.

अमेरिकेतल्या पीएलसीओ या अशाच ट्रायलमध्ये फायदा दिसलाच नाही. स्क्रीनिंगविरोधी मंडळी तीच पुढे करतात. पण तिथे नियंत्रण गटातल्या, म्हणजे स्क्रीनिंगला न बोलावलेल्या, सुमारे ९० टक्के पुरुषांनी ट्रायलच्या आधी किंवा दरम्यान पीएसए करून घेतलीच होती. तपासलेल्यांची तुलना तपासलेल्यांशी केल्यावर फरक कुठून दिसणार? ब्रिटनच्या कॅप या ट्रायलमध्ये एकदाच पीएसएला बोलावलं होतं. पंधरा वर्षांनी या कर्करोगाचे मृत्यू बोलावलेल्यांत ०.६९, न बोलावलेल्यांत ०.७८ टक्के. त्यावर एक ओळ पुरे.

खरी चर्चा प्रोटेक्ट या ब्रिटनच्याच, उपचारांची तुलना करणाऱ्या ट्रायलवर होऊ दे. पीएसएमधून सापडलेले १,६४३ रुग्ण, तीन गट: शस्त्रक्रिया, रेडिओथेरपी, नुसती देखरेख. पंधरा वर्षांत या कर्करोगाने गेले २.७ टक्के, तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ज्यांना लघवी आवरेना किंवा संभोग जमेना, त्यातल्या बहुतेकांना निदान त्या पंधरा वर्षांत तरी घाई नडली. सुक्याबरोबर ओलंही जळलं. मात्र देखरेखीच्या गटात रोग इतरत्र पसरण्याचं प्रमाण इतर दोन गटांच्या जवळपास दुप्पट होतं आणि देखरेखीच्या त्या अख्ख्या गटातल्या ६१ टक्के रुग्णांनी पुढे मोठे उपचार घेतलेच. हे लपवलंस तर तूही जुलियानींच्याच पंगतीत बसशील.

हे सगळे पुरुष युरोप-अमेरिकेतले. आपल्याकडे या कर्करोगाचं नोंदलेलं प्रमाण बरंच कमी आहे, म्हणून ४५६ हा आकडा इथे जसाच्या तसा लावू नकोस. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात पीएसए सर्रास घातलेली असते, ती घालणाऱ्यांनी हा हिशेब केलेला असतो असं मला वाटत नाही.

शेवटी कुणीतरी विचारेल, ‘तुझ्या वडिलांची करशील का?’ हो-नाही करत बसू नकोस. वय काय, वडील-भावांपैकी कुणाला होता का, पीएसए वाढलेली निघाली तर एमआरआय आणि बायोप्सीची तयारी आहे का, आणि कमी धोक्याचा कर्करोग निघाल्यावर नुसती देखरेख ठेवून झोप लागेल का, एवढं त्यांना विचारून ठरवेन म्हण. अमेरिकेत अशा तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या टास्क फोर्सनेही २०१२ मध्ये सरळ ‘नको’ म्हटलं होतं आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयासाठी ‘डॉक्टरांशी बोलून ठरवा’ यावर ते आले. सत्तरीनंतर तेव्हाही ‘नको’च.

सुधारलेल्या स्लाइड्स गुरुवारपर्यंत पाठव. फॉण्ट मोठा ठेव, मागच्या रांगेत आम्ही चष्मेवाले असतो.

तुझे सर