देवाच्या नावावर आईचे तीन हजार

*ताई, माझं वय ३४. वेर्ण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, मडगावात खोली घेऊन राहतो. मूळ पेडणे तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलो, म्हणून मराठीत लिहितो. घर कॅथलिक. तीन वर्षांपूर्वी मी बिलिव्हर झालो, म्हणजे मूर्ती न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेलो, इगर्ज (चर्च) सोडली. दर मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लादाईन, म्हणजे गाऊन करायची सामूहिक प्रार्थना, असते, यंदा पाळी आमच्या घरची. आई म्हणते, बाबा नाहीत, आता तूच उभा राहा. पण मूर्तीपुढे वाकू नकोस अशी बायबलातल्या निर्गमाच्या विसाव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे. मी नकार दिला, तर वाड्यावरच्यांनी 'मेल्यावर सिमितेरीत (दफनभूमीत) जागा मागू नको' म्हणून सुनावलं. मला धर्मस्वातंत्र्य नाही का? माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी असं येशूचा शिष्य पेत्र यानेच सांगितलंय ना? सभेला दशांश, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा, द्यायला लागल्यापासून आईला पाठवायचे ते तीन हजार थांबले, तेव्हाही ती काही बोलली नव्हती, औषधांचं बहीण बघते. आता मात्र लादाइनीवरून फोनही उचलत नाही. तिला सत्य कसं पटवू?*

*– एक आज्ञाधारक*

आज्ञाधारका,

तुझं पत्र चार पानांचं होतं, वर छापलंय ते छाटून. त्या चारांतली दोन पानं मूर्तीवर आहेत आणि आईच्या तीन हजारांवर एक वाक्य, तेही जाता जाता. मला त्या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

स्वातंत्र्याचं आधी उरकून टाकते, कारण त्यात वाद नाही. सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याला बाध न आणता आपला धर्म मानायचा, पाळायचा, त्याचा प्रसार करायचा हक्क घटनेच्या २५व्या कलमाने तुला दिलाय. सिमितेरीची धमकी देणाऱ्यांना सांग, तुमच्याच इगर्जीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केलंय की श्रद्धेच्या बाबतीत कुणावर बळजबरी करायची नाही. खरं तर गोव्यात हे कुणाला शिकवावं लागू नये. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं. १७३६च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नातली हळद आणि दारातली तुळससुद्धा गुन्हा ठरवली होती. तेव्हा लादाईन म्हणायची नसेल तर म्हणू नकोस. तो तुझा हक्क आहे.

आता तुझ्या आज्ञापालनाकडे वळू. त्याबद्दल मला फारसा आदर वाटत नाही.

निर्गम २० मध्ये मूर्तीची आज्ञा चौथ्या-पाचव्या वचनात आहे. बाराव्या वचनात आहे, आपल्या बापाचा आणि आईचा मान राख. तिथपर्यंत पोचायच्या आतच पुस्तक मिटलंस की काय?

मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढ. शास्त्री आणि परूशी, म्हणजे यहुद्यांमधले कर्मठ धर्मपंडित, येशूशी वाद घालायला येतात. विषय काय, तर शिष्य हात न धुता जेवतात. येशू हात धुण्याचं बाजूला ठेवतो आणि त्यांना थेट पैशावर आणतो. म्हणतो, मोशेने सांगितलं आईबापांचा मान राखा. आणि तुमच्यात काय चालतं? मुलगा आईला म्हणतो, माझ्याकडून तुला जे मिळायचं ते मी देवाला अर्पण केलंय. तेवढं म्हटलं की झाला मोकळा, पुढे आईसाठी त्याला तुम्ही काही करू देत नाही. देवाचं वचन तुम्ही असं रद्द करता. नऊ ते तेरा वचनं आहेत, सावकाश वाच. मीही तुझी मूर्ती बाजूला ठेवून पैशाचं बोलतेय, ते तिथूनच शिकून.

तुझा पगार एकतीस हजार, हेही तूच लिहिलंयस. दशांश झाला एकतीसशे. आईला जात होते तीन हजार. म्हणजे दशांशापायी तुझ्या खिशाला बसली ती शंभर रुपयांची झळ. खोलीचं भाडं चालू, बाईकचा हप्ता चालू. बंद झाले ते आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांचे, डोळ्यांत घालायच्या थेंबांचे आणि पोदेराच्या (पाववाल्याच्या) महिन्याच्या बिलाचे पैसे. पूर्वी त्या पैशात हे भागायचं, ही यादी तुझ्याच पत्रातली. तीन वर्षं तुझ्या नावाने तिनेच दशांश भरलाय, आणि पुण्य लागलं तुझ्या खात्यावर.

तुमच्या सभेत बायबलातलं मलाखी ३:१० पाठ असेल सगळ्यांना, दशांश भांडारात आणा म्हणून. त्याच बायबलातलं 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं १४:२८-२९ कुणी वाचून दाखवलं का रे? दर तीन वर्षांच्या शेवटी त्या वर्षाचा दशांश आपल्याच गावात ठेवायचा. लेवी (मंदिराचे सेवेकरी), परका, पोरका आणि विधवा यांनी येऊन पोटभर जेवावं म्हणून. तुला तीन वर्षं भरली. तुझ्या गावात, तुझ्याच घरात एक विधवा आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर (५:८) घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट आहे, असं आहे. माझं वाक्य असतं तर मी जरा मऊ लिहिलं असतं.

आणि पेत्राला मध्ये आणू नकोस. तो ते बोलला तेव्हा समोर यरुशलेमची न्यायसभा होती, आदल्या दिवशीच तुरुंगात टाकलं होतं आणि पुढ्यात फटके होते. तुझ्यासमोर साखरेचा त्रास असलेली एक म्हातारी आहे.

आई लादाइनीवरून रुसली असं तू धरून चालला आहेस. मला तसं वाटत नाही. मुलाकडे पैसे मागायची लाज वाटते; लादाइनीला ये म्हणायची वाटत नाही. म्हणून भांडण लादाइनीवरून झालं. तीन वर्षं ती काही बोलली नाही, याचा अर्थ तिला चाललं असा तू लावलास, कारण तो तुला सोयीचा होता.

तिला सत्य पटवायला जाऊ नकोस, वचन ऐकवू नकोस. येत्या रविवारी सकाळी मडगावहून गाडी पकड आणि तीन हजार तिच्या हातात ठेव. मोबाइलवरून टाकायचे नाहीत. सभा बुडेल, बुडू दे. पुढच्या महिन्यापासून पगार झाला की पहिले तीन हजार तिचे, मग बाकीचा हिशेब. मागचे छत्तीस महिने धरले तर एक लाख आठ हजार होतात, ते बहिणीचं देणं समज आणि हप्त्याने फेड. बाईकचा फेडतोसच की.

लादाइनीच्या संध्याकाळी घरी राहा. खुर्च्या मांड, चणे उकडून वाटायला घे, म्हाताऱ्यांना हात दे. गाणं सुरू झालं की मागे उभा राहा, तोंड मिटून. शंका आली तर बायबलातल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नामान बघ. नवा नवा देवाकडे वळलेला तो सेनापती विचारतो, माझा धनी माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन नावाच्या दुसऱ्या देवाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याचं काय? संदेष्टा अलीशा त्याला एवढंच म्हणतो, शांतीने जा.

दशांश कमी का झाला म्हणून पास्टरनी विचारलं तर अनुवाद १४ उघडून त्यांच्यापुढे धर. रागावले तर दुसरी सभा शोध, गोव्यात सभांना तोटा नाही. आणि रविवारी निघायच्या आधी बहिणीला फोन करून औषधांची यादी मागून घे. डोळ्यांचे थेंब कोणते, हे तुला आता माहीत नसणार.