स्पेनमध्ये हिवाळ्यात यॉट कुठे ठेवावी?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नवरा-बायको इंग्लंडमध्ये असतो आणि आमची ११ मीटरची शिडाची यॉट, ब्रिटिश रजिस्ट्रेशनची, सध्या पाल्मा दे मायोर्काला आहे. ऑक्टोबरअखेर घरी येणार ते डायरेक्ट एप्रिलमध्येच परत जाणार, मध्ये जमली तर एखादी फेरी. पाल्माचं भाडं आता जड जातंय. कुणी म्हणतं दक्षिण किनाऱ्यावरचं आल्मेरिमार स्वस्त आहे, कुणी म्हणतं कनारी बेटांवर न्या तिथे थंडीच नसते, ह्यांचं म्हणणं मेनोर्का शेजारीच आहे तिथे ठेवू. नक्की काय बघून ठरवायचं? आणि पाण्यातच ठेवली तर चालेल ना?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरतं. पाच महिने बोटीवर कुणीच नसणार असेल तर ती पाण्यातून बाहेर काढा आणि नीट शाकारून जमिनीवर ठेवा, याबाबतीत माझं मत अगदी पक्कं आहे. पाण्यातली रिकामी बोट दोर, बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर टाकणारा) आणि बॅटरीच्या भरवशावर असते, एका वादळात दोर घासून झिजतो, शोअर पॉवरचा, म्हणजे धक्क्यावरून घेतलेल्या विजेचा, ब्रेकर पडतो, बॅटरी उतरते, पंप बंद पडतो, आणि यातलं एकही तुम्हाला इंग्लंडमध्ये बसून कळत नाही. वसंतात अँटिफाउलिंगसाठी, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगासाठी, बोट वर काढावीच लागणार आहे, मग ते उचलण्याचे पैसे आधीच दिले असं समजा, शिवाय तळ तेवढे महिने सुकतो तो फायदा वेगळाच.

पण जमिनीवर ठेवली म्हणजे निर्धास्त झालो असं पण नाही. यार्डाला विचारा की खाली काँक्रीट आहे की माती-खडी, बोट पट्ट्यांनी जमिनीला बांधतात का, आणि वादळ येऊन गेल्यावर टेकू तपासायला माणूस फिरतो का. माती पावसात भुसभुशीत होते आणि टेकू खचतात. आणि पुढचं शिड फर्लरवर (शिड गुंडाळायच्या रुळावर) गुंडाळून ठेवून जाऊ नका प्लीज, रात्री वाऱ्याने ते सुटलं तर बोट टेकूवरून हलवायची ताकद त्याच्यात असते, आणि एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. स्प्रेहूड, बिमिनी अशी कापडी छपरं, सगळं कापड उतरवून आत ठेवा.

आता जागा. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर हिवाळ्यात बर्फाची भीती फारशी नसते, समुद्रालगत पाणी गोठायची वेळ क्वचितच येते, त्यामुळे तापमान बघून बंदर निवडायची गरजच नाही. बघायचा तो वारा, आणि बंदराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते. उत्तरेकडे कोस्टा ब्रावा आणि मेनोर्काला उत्तरेचा त्रामोन्ताना वारा झोडपतो. व्हॅलेन्सिया-आलिकान्तेच्या बाजूला पूर्वेचा लेव्हान्ते लांबच्या लांब समुद्रावरून लाटा घेऊन येतो. जानेवारी २०२० च्या ग्लोरिया वादळात व्हॅलेन्सियासमोरच्या लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बॉयवर ८.४४ मीटर लाटेची नोंद झाली होती, आणि ही एकट्या सर्वात मोठ्या लाटेची उंची नव्हे तर त्यावेळच्या मोठ्या लाटांची सरासरी. पूर्वेला तोंड असलेल्या बंदरात अशा वेळी आतसुद्धा पाणी मागेपुढे हेलकावत राहतं आणि दोर त्यानेच तुटतात. म्हणून मरीनाच्या वेबसाइटवरचे उन्हाळ्यातले फोटो बाजूला ठेवा आणि आधी चार्ट, म्हणजे सागरी नकाशा, उघडा.

मेनोर्काचं माओन बंदर खरंच अप्रतिम आहे, जमिनीत पाचेक किलोमीटर आत शिरलेलं, जुने दर्यावर्दी म्हणायचे की भूमध्य समुद्रात सुरक्षित बंदरं चारच, जून, जुलै, ऑगस्ट आणि माओन. तुमच्या ह्यांची निवड म्हणून चुकीची मुळीच नाही. फक्त हिवाळ्यात तिथली विमानं खूप कमी होतात, तुम्हाला तर इंग्लंडहून यायचं, म्हणजे बहुधा बार्सिलोना नाहीतर माद्रिदमार्गे, आणि काही बिघडलं तर चटकन पोहोचणं अवघड. कनारीचं मात्र डोक्यातून काढून टाका. हवा छान असते हे खरं, पण पाल्माहून जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून हजारावर सागरी मैल आणि परत येताना ईशान्य व्यापारी वारे नाकासमोर, त्यात नोव्हेंबरमध्ये लास पाल्मासहून अटलांटिक रॅली सुटते तेव्हा मरीना भरलेली असते. पुढे अटलांटिक ओलांडायचा असेल तरच तिकडे जाण्यात अर्थ आहे.

तुमच्यासाठी मी दोन नावं सांगेन. पहिलं सांत कार्लेस दे ला रापिता, एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशाने अडवलेल्या आल्फाक्स उपसागरात, पाल्माहून सव्वाशे मैलांच्या आसपास. तिथे हिवाळ्यात एब्रोच्या खोऱ्यातून वायव्येचा वारा खूप जोरात येतो हे माहीत असू द्या, पण तो जमिनीवरून येतो त्यामुळे मोठ्या लाटा उठत नाहीत, यार्डात पट्ट्या घट्ट असल्या की झालं. दुसरं कार्ताहेना. डोंगरांनी वेढलेलं खोल बंदर, स्पेनच्या नौदलाचा तळच तिथे आहे यावरून काय ते समजा, पाल्माहून दोनशे मैलांच्या थोडं वर आणि आलिकान्ते, मुर्सिया असे दोन विमानतळ जवळ. आल्मेरिमार तीनशे मैलांच्या पुढे. हवा कोरडी हे खरं, आल्मेरियाचा भाग युरोपातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी आहे, पण लेव्हान्ते आणि पश्चिमेचा पोनिएन्ते दोन्ही वारे तिथे दणकून वाहतात आणि नुसती बोट ठेवायला एवढं लांब जायचं मला तरी पटत नाही.

पैशांचं थोडक्यात. सांगितलेल्या आकड्यात २१ टक्के व्हॅट धरलाय का हे पहिलं विचारा, मग उचलणं-उतरवणं, धुणं, टेकूंचं भाडं आणि वीज त्यात आहे की वेगळी. लांबी पुढच्या नांगरापासून मागच्या डेव्हिटपर्यंत (छोटी होडी टांगायच्या दांड्यांपर्यंत) मोजतात की कागदावरची धरतात ते पण, ११ ची १२ व्हायला वेळ लागत नाही. आणि बाहेरचा मेकॅनिक आणू देतात का, किंवा स्वतः बोटीवर काम करू देतात का, हे आत्ताच लेखी घ्या कारण काही यार्ड दोन्हीला नाही म्हणतात.

कागदपत्रांचं मात्र मनावर घ्या. ब्रिटिश बोट तात्पुरत्या आयातीवर युरोपियन युनियनमध्ये १८ महिने राहू शकते, ती यार्डात नुसती उभी आहे म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही, म्हणून आत आल्याच्या तारखेचा पुरावा जपून ठेवा आणि यार्डाच्या ऑफिसात कस्टमबद्दल विचारा. तुमची स्वतःची मोजणी वेगळी, शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९०, पासपोर्ट ब्रिटिश असो की व्हिसावाला भारतीय. विमा कंपनीला मेल करून जागेचं नाव आणि बोट जमिनीवर असणार हे कळवा आणि लेखी होकार आल्याशिवाय करार करू नका.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर्ड, हिवाळाभर बोटीवरच राहायचं आहे. वायव्य स्पेनमधलं गालिसिया फार सुंदर आहे म्हणतात, तिथे राहिलो तर?

उत्तर: उन्हाळ्यात नक्की जा, तिथल्या रियांसारखे (जमिनीत आत शिरलेल्या खाड्यांसारखे) नांगर टाकायचे कोपरे कमी मिळतात. हिवाळ्यात नको. अटलांटिकची वादळं एकामागोमाग एक तिथे धडकतात, तिथल्या व्हिगोला पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि बोटीच्या आत सगळं दमट, गाद्यांखाली बुरशी. राहायचंच असेल तर वर ज्याला मी मागे टाकलं ते आल्मेरिमार तुमच्यासाठी चांगलं, नाहीतर कार्ताहेना, कारण दोन्हीकडे हिवाळ्यात बोटीवर राहणारी बरीच मंडळी असतात आणि दुकान, दवाखाना चालत जाण्यासारखं, एकटं वाटत नाही हे या वयात फार महत्त्वाचं. रात्री तिथेही गारठतं, छोटा हीटर आणि डीह्युमिडिफायर लागेलच, म्हणून धक्क्यावर किती अँपिअरची वीज मिळते आणि मीटर वेगळा आहे का ते विचारा. आणि वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त स्पेनमध्ये काढलेत तर तिथे टॅक्स रेसिडेंट धरले जाता, मग बोटीवरही कर लागू शकतो, तेव्हा दिवस मोजत राहा.

प्रश्न: बोट आलिकान्तेला आहे, हिवाळ्यात नदीतून वर सेव्हिलला न्यायचा विचार आहे. ओर्कांची (किलर व्हेलची) भीती वाटते, जावं का?

उत्तर: जा, ग्वादाल्किवीरमधून ऐंशीएक किलोमीटर आत गेल्यावर समुद्राच्या लाटांचा काही संबंधच राहत नाही, आणि गोड्या पाण्यात तळाला शिंपले कमी धरतात. ओर्का २०२० पासून या पट्ट्यात शिडाच्या बोटींच्या सुकाणूंना धडका देतायत, काही बोटी बुडाल्याही आहेत, त्यामुळे तुमची भीती खरी आहे. सामुद्रधुनीत त्या ट्यूना माशांच्या मागे येतात आणि तिथला जोर जास्त करून वसंत-उन्हाळ्यात असतो, म्हणजे शरदात जाताना धोका त्यामानाने कमी पण परतीची तारीख विचार करून ठरवा. पूर्ण वाट किनारा धरून उथळ पाण्यातून काढा, आणि दिसल्याच तर थांबू नका, इंजिनवर आणखी उथळ पाण्याकडे निघा. नदीच्या मुखाशी भरतीच्या सुरुवातीला पोहोचा म्हणजे पाणीच तुम्हाला वर नेईल, आणि सेव्हिलचा लॉक (नदीतलं जलद्वार) कधी उघडतो ती वेळ निघायच्या आधी फोन करून पक्की करा.