गोव्यात हिवाळ्यात घुबडे आणि शिकारी पक्षी कुठे पाहावेत व त्यांची छायाचित्रे कशी काढावीत?

आपण पणजीत राहता, आपल्याकडे ६०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स आहे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात घुबडे व शिकारी पक्षी कुठे दिसतील, तसेच उडत्या पक्ष्याचे छायाचित्र नेहमी काळपट का येते, असे आपण विचारले आहे. जागांची नावे पुढे देतोच. पण माझ्या मते गोव्यात त्याहून अधिक लक्ष ऊन आणि वारा यांच्याकडे द्यावे लागते.

सुरुवात करमळीच्या तळ्यापासून करावी. कोकण रेल्वेचे स्थानक तळ्याला लागूनच असल्यामुळे पोहोचणे सोपे आहे. ऑक्टोबरच्या सुमारास येणारा दलदली भोवत्या (मार्श हॅरियर) हा शिकारी पक्षी येथे, तसेच चोडण आणि दिवाडी बेटांवरच्या खाजनांत (बांध घातलेल्या खाऱ्या, सखल शेतजमिनींत), मार्चपर्यंत सहज दिसतो. त्याला आकाशात शोधू नये. तो गवताच्या शेंड्यांवरून, माणसाच्या उंचीच्या जरा वर, संथपणे शेत पालथे घालत जातो, मध्येच शेपूट वळवून जागच्या जागी थबकतो आणि पाय खाली सोडून लव्हाळ्यात उतरतो. तळ्यावरच्या अडया (छोटी बदके) आणि चांदवे (काळे पाणपक्षी) एकाएकी उठले, तर तो जवळपास आहे असे समजून दुर्बीण उचलावी. ब्राह्मणी घारीची त्यांना सवय असते आणि तिच्यासाठी ते सहसा इतकी धावपळ करत नाहीत. नवख्या माणसाचा घोटाळा नेमका येथेच होतो, कारण ब्राह्मणी घारीचे पिल्लूही तपकिरी असते. भोवत्या तरंगताना पंख वर उचलून त्यांचा उथळ ‘व्ही’ करतो आणि त्याची शेपूट लांब असते. घारीचे पंख तरंगताना असे वर उचललेले नसतात. मादी भोवत्याच्या गडद अंगावर डोक्याचा भाग पिवळसर पांढरा उठून दिसतो.

आता वाऱ्याविषयी. भोवत्या बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने शिकार शोधतो, कारण त्यामुळे त्याचा वेग मंदावतो आणि गवतातली हालचाल टिपता येते. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वाहतो, आणि दुपारनंतर समुद्राकडून येतो. सूर्यही सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला असतो. म्हणून सकाळी बांधाच्या पूर्व टोकाला आणि दुपारी पश्चिम टोकाला, ऊन व वारा दोन्ही पाठीवर घेऊन उभे राहिल्यास पक्षी आपल्याच दिशेने आणि तोंडावर ऊन घेऊन येतो. अशी सोय देशाच्या आतल्या भागात रोज मिळेलच असे नाही. छायाचित्र काळे येते ते बहुतेक वेळा मागच्या उजळ आकाशामुळे. पक्षी क्षितिजाच्या खाली, गवताच्या पार्श्वभूमीवर असतानाच टिपावा, आणि आकाश टाळता येत नसेल तर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावे. शटर १/२००० सेकंद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडावा. दाणेदार चित्र चालते, हललेले चालत नाही.

भोवत्याच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखीच पिसांची तबकडी असते आणि तो डोळ्यांबरोबर कानांनीही शिकार शोधतो. तेव्हा बांधावर गप्पा मारत उभे राहणाऱ्यांनी पक्षी दूरच का राहतो, याचे आश्चर्य करू नये.

घुबडांसाठी मात्र फिरण्यापेक्षा ऐकणे उपयोगी पडते. भरदुपारी कोतवाल आणि बुलबुल एखाद्या आंब्याच्या दाट पानांत एकाच जागेवर तोंड करून ओरडत असतील, तर तेथे घुबड असण्याची शक्यता मोठी. झाडाखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि उंदरांची हाडे व केस असलेल्या, घुबडाने ओकलेल्या गोळ्या दिसल्या तर शंका उरत नाही. पिंगळा गावातल्या जुन्या चिंचेच्या ढोलीत, गव्हाणी घुबड जुन्या इमारतींच्या पोटमाळ्यात, तर मत्स्यघुबड मोले आणि तांबडी सुर्ला परिसरातल्या ओढ्यांच्या काठी शोधावे. घुबडांच्या बऱ्याच जातींची वीण हिवाळ्यात किंवा त्याच्या अखेरीस सुरू होत असल्यामुळे डिसेंबरनंतर हाका वाढतात. तेवढ्याच कारणासाठी मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना बोलावणे या दिवसांत सर्वाधिक त्रासदायक ठरते.

पिंगळ्याची वेळ सूर्यास्ताच्या आसपासची. तो ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो, तेव्हा प्रकाश थोडा असला तरी पुरतो. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवल्यास १/१०० सेकंदातही स्पष्ट चित्र मिळते. फ्लॅश आणि टॉर्च आणूच नये. घुबड डोळे मिटून बसले असेल तर ठीक, पण अंग ताठ व निमुळते करून, डोळ्यांच्या फटी ठेवून ते आपल्याकडे पाहू लागले, की मागे सरकण्याची वेळ झाली. ढोलीचे ठिकाण चित्रासोबत कुठेही लिहू नये. जादूटोण्यासाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे पकडली जातात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ असूनही हा व्यापार संपलेला नाही.

मोलेला जायचे असेल तर वन खात्याच्या नाक्यावर प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्यावी. चोडणला रायबंदरहून फेरी आहे. तेथील सलीम अली अभयारण्यातल्या खारफुटीत शिरण्यापेक्षा मांडवीतले उभे खांब पाहावेत, कारण हिवाळी पाहुणा असलेला कैकर (ऑस्प्रे) हा मासेखाऊ शिकारी पक्षी मासा पकडला की तो अशाच उघड्या जागी बसून खातो. दिवस निवडता येत असेल तर जानेवारी घ्यावा. फेब्रुवारी सरता सरता दुपारची हवा धुरकट होते आणि लांबचे चित्र कितीही चांगल्या लेन्समधून पांढुरके येते.