माघारी घरचा संगणक कुणी उघडला?

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. खाली आम्ही, वर दीर-जाऊ. मी घरूनच हळदीच्या दोन अडत्यांचे हिशेब लिहिते. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं बारा दिवस पुण्याला होतो, किल्ली वर दिली होती. परत आल्यावर संगणक लावला, तर अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत ‘वाटणी’ फोल्डरमधले कागद दिसले. जमिनीच्या वाटपाचा दावा चालू आहे, त्यासाठी आमच्या वकिलांना लिहिलेले मसुदे त्यात आहेत. ब्राउझरमध्ये पुतण्याचं जीमेल उघडं आहे. पासवर्ड त्याला ठाऊक आहे, जूनमध्ये परीक्षेचा फॉर्म भरायला मीच दिला होता. त्यानेच उघडलं हे कसं सिद्ध करू? त्याचे मेल वाचून बघू का?

उत्तर : ताई, मेल वाचू नका. संगणक तुमचा असला तरी खातं त्याचं आहे. न विचारता ते वाचलंत, तर ज्या कलमाखाली तुम्ही तक्रार करणार त्याच कलमात तुम्ही अडकाल. खात्याचं नाव दिसेल असा पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि थांबा. तसंही ते खातं जूनपासूनच उघडं राहिलं असू शकतं, एवढ्यावरून काही ठरत नाही.

त्याआधी यजमानांना एक विचारा. पुण्याहून त्यांनी फोनवर कुणाला ‘सातबाऱ्याची प्रिंट काढून घे’ असं काही सांगितलं होतं का? संगणक त्यांच्याही ताब्यातला असेल, तर त्यांची परवानगी ही परवानगीच ठरेल आणि तुमची तक्रार तिथेच संपेल.

तसं काही नसेल, तर त्या संगणकावर हिशेबाचं काम आजपासून बंद ठेवा. विंडोज आपल्या नोंदी स्वतः ठेवतं, पण जागा भरली की जुन्या पुसून नव्या लिहितं. तुम्ही वापरत राहाल तितक्या त्या बारा दिवसांच्या नोंदी कमी होतील. या नोंदी दाखवणारं विंडोजमधलं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिक्युरिटी’त जा. तिथे ४६२४ क्रमांकाची नोंद म्हणजे लॉगिन. अशा नोंदी ढीगभर असतात, कारण विंडोजच्या आतल्या सेवाही लॉगिन करतात, त्यांचा ‘लॉगऑन टाइप’ ५ असतो. तुम्ही २ आणि ७ शोधा. २ म्हणजे समोर बसून केलेलं लॉगिन, ७ म्हणजे लॉक झालेला पडदा उघडणं. पुण्याला निघताना भिंतीवरचं बटण बंद केलं होतं का, तेही आठवा. नुसता झोपवलेला संगणक अपडेटसाठी आपोआप जागा होऊ शकतो. बटण बंद असलेला डेस्कटॉप मात्र कुणीतरी हात लावल्याशिवाय सुरू होत नाही. पेनड्राईव्ह पहिल्यांदा लावल्याची वेळही विंडोजकडे सापडते. फाइल कॉपी झाल्याची नोंद मात्र सहसा नसते.

आता अडचणीची गोष्ट. या नोंदी कोणत्या खात्यातून, किती वाजता एवढंच सांगतात, कीबोर्डवर बोटं कुणाची होती ते सांगत नाहीत. तुमच्या घरात खातं एकच, पासवर्ड दोघांना माहीत आणि किल्ली वरच्या सगळ्यांच्या हाताशी. म्हणून नोंदीतली वेळ कुठल्या माणसाशी जुळते ते बघावं लागेल. त्या वेळी कोण घरी होतं, शेजाऱ्यांनी कुणाला दार उघडताना पाहिलं, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काय आहे. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, ते आजच मागा.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा संगणक ताब्यात असलेल्याच्या परवानगीशिवाय तो उघडला, त्यातली माहिती उतरवून घेतली, तर नुकसानभरपाई मागता येते. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. तेच काम लबाडीने केलं असेल तर कलम ६६ लागतं : ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘काकूनेच पासवर्ड दिला होता’ हा बचाव येणार हे धरून चाला. फॉर्म भरायची परवानगी म्हणजे दाव्याचे कागद चाळायची परवानगी नव्हे, हे ठामपणे मांडता येतं. पासवर्ड आजच दुसऱ्या यंत्रावर बसून बदलता येत असेल तर बदला, आणि ‘यापुढे मला विचारल्याशिवाय संगणक वापरू नये’ असा साधा व्हॉट्सॲप निरोप दिरांना पाठवा. आरोप एकही नको.

पुरावा म्हणून संगणकच कोर्टात हजर करून तुम्ही साक्ष दिलीत, तर नोंद कुठल्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० साली स्पष्ट केलं. नोंदींची प्रिंट किंवा प्रत दिलीत, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं हे प्रमाणपत्र हवं. त्यावर तुमची आणि तज्ज्ञाची, दोघांच्या सह्या लागतात.

लगेच गुन्हा नोंदवू नका, असं माझं मत आहे. परीक्षा देणाऱ्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा वर्षानुवर्षं आडवा येईल, आणि तुमच्या हाती अजून नुसता संशय आहे. पण ते मसुदे समोरच्या पक्षाकडे पोचल्याचं दिसलं, तर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. वाटपाच्या दाव्यातल्या तुमच्या वकिलांना मात्र उद्याच भेटा आणि कोणते मसुदे उघडले गेलेत ते एकेक दाखवा. तडजोडीत किती गुंठ्यांपर्यंत खाली यायची तयारी आहे, असं काही त्यात लिहिलं असेल, तर पुढच्या तारखेआधी त्यांना ते कळायला हवं.